रुग्णवाहिका कोणाच्या दारात थांबते? चाळीसगाव ते पिट्सबर्ग

१९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात गेले होते. परतीच्या वाटेवर चाळीसगावच्या समाजबांधवांनी मुक्कामाचा आग्रह धरला. वस्ती नदीपलीकडे होती. बॅरिस्टरसाहेबांनी पायी यावे हे लोकांच्या मनाला पटेना, आणि महाराला गाडीत बसवायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : टांगेवाल्याने फक्त टांगा द्यायचा, हाकायचा मात्र आपल्यापैकीच कोणीतरी. ज्याने लगाम हातात घेतला त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि गाडी नदीत गेली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपण तो टांगेवाल्याच्या जातीच्या अहंकाराची गोष्ट म्हणून सांगतो. पण त्यात दुसरा धडाही आहे, आणि तो आजच्या कार्यकर्त्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. वाहन मिळाले होते. मिळाले नव्हते ते प्रशिक्षण. ज्याला शिकू दिले नाही त्याच्या हाती ऐनवेळी लगाम आला आणि अपघात झाला. जात माणसाला दोन ठिकाणी अडवते : गाडीत बसू देत नाही आणि गाडी चालवायलाही शिकू देत नाही.

दारापर्यंत न आलेला डॉक्टर

बाबासाहेबांनी त्याच लेखनात काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. तेही १९२९ मध्येच छापून आले होते. बाळंतपणानंतर त्याची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली तेव्हा बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने शिक्षकाच्या हाती, शिक्षकाने बायकोला लावले आणि ते त्याच वाटेने परत गेले. डॉक्टरने रोग्याला हात न लावता निदान सांगितले. ती बाई वाचली नाही.

डॉक्टर होता, औषध होते, फीचे पैसेही दिले होते. तरी उपचार पोहोचला नाही, कारण उपचार आणि रोगी यांच्यामध्ये जात उभी होती.

याच्या अगदी उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीमाईंचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने तापला होता. सावित्रीमाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. माईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगी आपल्याकडे येईल याची वाट न पाहता त्या वस्तीत गेल्या. आपत्कालीन सेवेचे सारे तत्त्व यात आले. पण एका माईच्या बलिदानावर समाजाने किती काळ जगायचे? करुणेला व्यवस्थेचे रूप द्यावे लागते. ते कसे द्यायचे आणि दिल्यावर काय धोका असतो, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या एका वस्तीत जावे लागेल.

पिट्सबर्गची काळी वस्ती

पिट्सबर्ग शहरातला हिल डिस्ट्रिक्ट हा काळ्या लोकांचा भाग. १९६० च्या दशकात तिथे कोणी बेशुद्ध पडले तर पोलिसांची गाडी यायची. रोग्याला मागे टाकायचे आणि रुग्णालयाकडे पळायचे. वाटेत त्याच्याजवळ श्वासाकडे पाहणारेही कोणी नसायचे. आणि ज्या पोलिसांच्या लाठीची भीती, त्यांच्याच गाडीत चढायचे म्हणून कित्येक जण बोलवायलाच कचरत. ही सेवा गोऱ्यांसाठीही धड नव्हती. १९६६ मध्ये राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स सभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेले आणि ते पुढे दगावले.

१९६७ मध्ये तीन बाजू एकत्र आल्या. एक, डॉ. पीटर सफार. बंद पडलेला श्वास आणि हृदय पुन्हा सुरू करण्याची आज जगभर शिकवली जाणारी पद्धत घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. दोन, पैसा उभा करणारे फिलिप हॅलन. तीन, वस्तीतली काळ्या लोकांची संस्था, फ्रीडम हाऊस. ज्यांना शहर 'कामाला लावण्याच्या लायकीचे नाहीत' म्हणत होते अशा बेरोजगार काळ्या तरुणांना त्यांनी निवडले. काहींचे शालेय शिक्षणही अर्धवट होते. त्यांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण दिले : शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणे, हृदयावर दाब देणे, गाडी चालवणे. प्रशिक्षणाचा काही भाग थेट रुग्णालयात झाला. पहिल्याच वर्षात त्यांनी सुमारे ५,८०० हाकांना प्रतिसाद दिला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर वस्ती पेटली, तेव्हाही हीच मुले रस्त्यावर होती. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या पथकासोबत केलेल्या कामातून साऱ्या अमेरिकेतल्या पॅरामेडिकांचा अभ्यासक्रम तयार झाला. ज्यांना नालायक ठरवले, त्यांच्या हातून देशाचा मापदंड घडला.

आणि मग काय झाले? १९७५ मध्ये महापालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. तिथल्या कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घेण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात नव्या परीक्षा आल्या आणि अनुभवी काळ्या पॅरामेडिकांना नवख्या गोऱ्यांच्या हाताखाली दुय्यम कामे मिळाली. अनेक जण बाहेर फेकले गेले. ज्या शहरात काळ्या तरुणांनी ही सेवा उभी केली, तिथली सेवा काही वर्षांत जवळपास गोऱ्यांचीच झाली. जॉन मून मात्र चिवटपणे टिकले, वरच्या अधिकारपदापर्यंत पोहोचले आणि काळ्या उमेदवारांच्या भरतीसाठी लढले. त्यांनी पुढे आणलेल्या अमेरा गिलख्रिस्ट २०२३ मध्ये त्या सेवेच्या प्रमुख झाल्या. पहिली काळी स्त्री प्रमुख, तीही फ्रीडम हाऊस बंद झाल्यावर ४८ वर्षांनी!

मित्रांनो, या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. 'लोकसहभाग' हा गोड शब्द आहे. पण सहभाग कोणाच्या तरी मेहरबानीवर आणि दरवर्षीच्या कंत्राटावर असेल तर काम यशस्वी झाल्या दिवशीच ते आपल्या हातून काढून घेतले जाते. घाम वस्तीचा आणि खुर्ची प्रस्थापितांची. म्हणून बाबासाहेब सेवेची नव्हे, प्रतिनिधित्वाची मागणी करत राहिले.

पँथरचे नाव घेतले, काम घेतले का?

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्याच दशकात नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विन्स्टन-सालेम शहरात ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी मोफत रुग्णवाहिका चालवली. काळ्या रोग्यांना सेवा नाकारली जात होती, म्हणून कार्यकर्ते स्वतः प्रशिक्षण घेऊन गाडीवर बसले. तुरुंगात मरण पावलेल्या जोसेफ वॅडेल या साथीदाराचे नाव त्यांनी सेवेला दिले. आपल्या पँथरचा विद्रोह आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. पण विद्रोहाला स्ट्रेचरची जोड देणारी ही परंपराही आपलीच मानली पाहिजे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर रोग्यांसाठी धावणारे आपले स्वयंसेवक त्याच वाटेवर आहेत. ही शिस्त वर्षातले दोन दिवस का, बारा महिने का नाही?

मोरव्यापासून सुरुवात

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. गाडीत डॉक्टर, सेवा मोफत, जात विचारली जात नाही. हे मोठेच पाऊल आहे. पण सेवा चालवायला दिली खासगी ठेकेदाराला, आणि खासगी नोकरीला आरक्षण लागू नाही. म्हणजे पैसा जनतेचा, गाडीवर नाव सरकारचे आणि भरतीत सामाजिक न्यायाचे बंधन शून्य. पिट्सबर्गमध्ये परीक्षेच्या नावाने जे झाले ते इथे ठेक्याच्या नावाने होऊ शकते.

कोणी म्हणेल, जीव वाचवताना आरक्षण कशाला? जीव वाचवायचा म्हणूनच! वस्तीतला माणूस गाडीवर असेल तर त्याला गल्ली माहीत असते आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो. फ्रीडम हाऊसने हे सिद्ध केले आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला दाखल करून घेतले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सरकारी रुग्णालयात तातडीचा उपचार न मिळणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. खटला लढवला होता शेतमजुरांच्या संघटनेने. लक्षात घ्या, संघटनेने.

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही गावे लागतात. गावठाणाच्या अरुंद वाटा आणि भाईंदरच्या चाळी-झोपडपट्ट्या इथे घराचा पत्ता सांगणे हेच आधी कठीण काम. महापालिका क्षेत्रातले पंडित भीमसेन जोशी रुग्णालय भाईंदर पश्चिमेलाच आहे. पण रुग्णालय जवळ असणे आणि वेळेत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मीरा-भाईंदरमधल्या आपल्या मंडळांनी चार कामे हाती घ्यावीत.

पहिले, १४ एप्रिलच्या डीजेच्या खर्चातला एक हिस्सा काढून प्रत्येक वस्तीतल्या दहा मुला-मुलींना प्रथमोपचार आणि हृदयावर दाब देण्याचे प्रशिक्षण द्यावे. दुसरे, गाडी कुठवर येते आणि पुढे स्ट्रेचर कोणत्या वाटेने न्यायचे याचा वस्तीचा नकाशा करून तो रुग्णालयाला आणि १०८ सेवेला द्यावा. तिसरे, फोन किती वाजता गेला आणि गाडी किती वाजता आली, ही वेळ वस्तीनिहाय माहितीच्या अधिकारात मागावी. चौथे आणि सर्वात महत्त्वाचे, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक रुग्णवाहिका सेवेच्या ठेक्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाची अट घालण्याची मागणी लावून धरावी. चालकाच्या जागेपासून नियंत्रण कक्षाच्या खुर्चीपर्यंत.

पहिली तीन कामे आपण उद्यापासून करू शकतो. चौथे संघर्षाशिवाय मिळणार नाही. पण चौथे सोडून फक्त तीनच केली तर आपण चांगले स्वयंसेवक होऊ, हक्कदार होणार नाही.

जय भीम!