ठराव झाला, दरवाजा कधी उघडणार? चवदार तळे ते हिरकणी कक्ष

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सार्वजनिक शौचालयाचा विषय निघाला की तो 'स्वच्छता' या खात्यात टाकून दिला जातो. झाडू घेऊन फोटो निघतात, भिंती रंगवल्या जातात आणि विषय संपतो. आम्ही हा विषय हक्काच्या खात्यात मांडतो. गरोदर बाईला वारंवार लघवीला जावे लागते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तान्ह्या बाळाच्या आईला पाजायला आडोसा लागतो. लंगोट बदलायला हातभर स्वच्छ फळी आणि वाहते पाणी लागते. ज्या शहरात हे मिळत नाही, ते शहर तिला न बोलता सांगते की तू घराबाहेर पडू नकोस. बाहेर न पडण्याचा हा हुकूम आमच्या समाजाला नवा नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. मुंबईच्या गिरण्या, कचेऱ्या आणि घरे चालवणारी माणसे या रुळांवरून ये-जा करू लागली. आज कल्याणहून मुंबईचे शेवटचे स्थानक पन्नास किलोमीटरहून लांब आहे. धीम्या गाडीला जवळपास दीड तास लागतो आणि लोकलमध्ये शौचालय नाही. १९०९ साली बंगालमधील ओखिल चंद्र सेन या प्रवाशाने शौचास उतरल्यामुळे गाडी चुकल्याची तक्रार रेल्वेला लिहिली. ते पत्र आज कौतुकाने सांगितले जाते. पण पोटुशी बाई सकाळपासून पाणी न पिता दिव्याहून गाडीत चढते, तिची तक्रार कोणत्या संग्रहालयात आहे? तिने ती लिहिलीच नाही, कारण शरीर आवळून धरणे हेच बाईचे वळण, असे तिला शिकवले गेले.

हे वळण मोडणारी परंपरा मात्र याच महाराष्ट्रात आहे. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. समाजाने हाकललेल्या गरोदर विधवांनी यावे, सुखरूप बाळंत व्हावे, असे जाहीर आवाहन केले. गरोदरपण ही लपवायची गोष्ट नाही, त्यासाठी समाजाने जागा द्यायची असते, हा विचार तिथे प्रत्यक्षात आला.

पुढचा धडा महाडचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. म्हणजेच सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावर खुले झालेल्या तळ्याचे पाणी ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर चालत जावे लागले आणि न्यायालयातली लढाई तर १९३७ पर्यंत चालली. ठराव आणि ओंजळ यांच्यातले हे अंतर हाच आमच्या लेखाचा मुद्दा आहे.

त्याच काळात, २८ जुलै १९२८ रोजी, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. आज महापालिका विचारते की एवढा खर्च कोण करणार? उत्तर जुनेच आहे. जे शहर बाईच्या श्रमावर चालते, त्या शहराने करायचा.

संविधानाने हे उत्तर पक्के केले. अनुच्छेद १५(२) विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणांच्या वापरात जात आणि लिंगावरून भेद करण्यास मनाई करतो. १५(३) स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतुदीची मुभा देतो. अनुच्छेद ४२ प्रसूती साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकतो.

मग आदेशही आले. 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या पुढाकाराने झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महिलांसाठी स्वच्छ शौचालये हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून महापालिकांना निर्देश दिले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांतील शौचालयांबाबत निकाल दिला, त्यात स्तनदा मातांसाठी स्वतंत्र खोली आणि बाळाचे कपडे बदलण्याची सोयही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने सार्वजनिक इमारतींत स्तनपान आणि बालसंगोपनासाठी जागा ठेवण्यावर भर दिला. न्या. वराळे यांचे आजोबा बळवंतराव वराळे हे बाबासाहेबांचे सहकारी होते. म्हणजे महाडचा धागा कुठवर आला, ते पाहा.

म्हणजे आपण पुन्हा १९२३ मध्ये उभे आहोत. ठराव आहेत, ओंजळ रिकामी आहे.

राज्याने स्तनपानाच्या खोल्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव दिले. हिरकणीचा रायगड महाड तालुक्यातच आहे. लोककथा सांगते की संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरून गेली. तिच्या धाडसाचे गोडवे आम्हीही गातो. पण तिच्यावर कडा उतरायची वेळ आली ती दरवाजा बंद होता म्हणून. गडाच्या दरवाजाला संरक्षणाचे कारण होते. आजच्या कक्षाला कुलूप असेल, आत मोडक्या खुर्च्या रचल्या असतील, तर त्याला कोणते कारण? २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एका महिला आमदाराला विधानभवनातल्याच हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल बोलावे लागले. जिथे कायदे होतात तिथे ही गत, तर नाक्यावर उभ्या असलेल्या मजूर बाईने कुणाकडे दाद मागायची? मॉलमध्ये बाळ बदलायची गुळगुळीत फळी असते, पण धुणीभांडी करणारी बाई त्या दारातून आत जायला कचरते. हीच आजची अस्पृश्यता.

एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगतो. शौचालय बांधून प्रश्न सुटत नाही, ते स्वच्छ कोण ठेवतो हा प्रश्न सोबतच येतो. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मेले. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. एका आईची सोय दुसऱ्या आईच्या लेकराला टाकीत उतरवून होणार असेल, तर ती सोय आम्हाला नको. सफाईचे काम ठेकेदारीतून आणि जातीतून बाहेर काढा. यंत्र द्या, पूर्ण पगार द्या.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक स्थानकाबाहेर, बाजारात, रुग्णालयात आणि प्रभाग कार्यालयात महिलांसाठी मोफत शौचालय हवे, त्यात पाणी, दिवा आणि आतून लागणारी कडी हवी. लंगोट बदलायची फळी पुरुषांच्या शौचालयातही हवी, कारण बाळ बापाचेही आहे आणि बाळाची घाण काढणे हे फक्त बाईचे काम, ही मनूची वाटणी आम्हाला मान्य नाही. आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, त्याचे नाव दारावर लिहिलेले हवे.

वाचकहो, आपल्या प्रभागातला कक्ष उघडा आहे का, हे या आठवड्यात जाऊन पाहा. बंद असेल तर चार बाया, चार बाप मिळून प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चवदार तळ्याचे पाणी ठरावाने मिळाले नव्हते, ते चालत जाऊन घ्यावे लागले होते.

जय भीम!