नाणेघाटाच्या वाटेवरचे जेवण
वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. सातवाहनकाळी सोपारा-कल्याणचा माल याच वाटेने जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरची कोरीव गुहा आणि पाण्याची टाकी आजही शाबूत आहेत. वाटसरूंच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा माग मात्र नाशिकच्या पांडवलेण्यांत लागतो. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात, सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या लेखात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सोपारा, गोवर्धन आदी ठिकाणी चौसोपी धर्मशाळा दिल्याची नोंद आहे. शिवाय दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना भोजन! आकडा अर्थातच राजेशाही थाटाचा. दात्याचे, सासऱ्याचे, नद्यांचेही नाव लेखात आहे. ते अन्न रांधणाऱ्या एकाही आचाऱ्याचे नाही. पानात काय वाढले, याविषयीही अक्षर नाही.