वाचन आणि संग्रह : नारायण पेठेंतील एका ग्रंथालयाच्या निमित्तानें



दिवाळी सरली आणि मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली, कीं पुण्याच्या पेठांतील वाचनालयांचा खरा हंगाम सुरू होतो. दिवाळी अंकांसाठीं वेगळी वर्गणी भरून सभासद आपली पाळी धरतात. पाठोपाठ नवीं पुस्तकें कपाटांत दाखल होतात. जानेवारीच्या १४ तारखेपासून २८ तारखेपर्यंत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. आणि २०२३ सालापासून डिसेंबरांत फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पटांगणावर पुस्तक महोत्सवही भरूं लागला आहे. ही लगबग पाहून कोणासही आनंदच होईल. परंतु तिच्या पोटीं एक जुना प्रश्न आहे. पुस्तक आजच्या वाचकाच्या हातीं द्यावें, कीं उद्यांच्या वाचकासाठीं राखून ठेवावें?

महाराष्ट्रांतील ग्रंथालयांच्या नांवांतच हा प्रश्न उमटलेला दिसतो. रत्नागिरीस १८२८ सालीं, नाशिकास १८४० सालीं आणि पुण्यास १८४८ सालीं ग्रंथालय निघालें. पुण्याच्या संस्थेचें मूळ नांव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'. तिच्या उभारणींत लोकहितवादींचा पुढाकार होता. आपल्या लोकांनीं जगाचें वर्तमान जाणावें, नव्या विद्येची ओळख करून घ्यावी, ही त्या पिढीची तळमळ. त्या काळीं मराठी छापील पुस्तकें मोजकींच होतीं. तेव्हां तीं जतन करण्यापेक्षां लोकांस वाचावयास लावणें हेंच मोठें काम होतें. याच संस्थेस पुढें 'पुणें नगर वाचन मंदिर' हें नांव मिळालें, तें अन्वर्थकच म्हटलें पाहिजे.

पुढल्या पन्नास वर्षांत चित्र पालटलें. शाळांसाठीं पुस्तकें निघालीं, दक्षिणा प्राइझ कमिटीनें लेखकांस बक्षिसें दिलीं, नाटकें व कादंबऱ्या वाढल्या. ११ मे १८७८ रोजीं पुण्यास हिराबागेंत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली, आणि १८९८ सालीं न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावाच लिहिला. वाङ्मय वाढलें, तशी तें हरवण्याची भीतिही वाढली. म्हणून ठाण्यास १ जून १८९३ रोजीं विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनीं जी संस्था काढली, तिचें नांव ठेवलें 'मराठी ग्रंथसंग्रहालय'. मुंबईनें १८९८ सालीं तोच शब्द उचलला. 'वाचन' जाऊन 'संग्रह' पुढें आला.

पुण्यांत ही जाणीव १९११ सालीं नारायण पेठेंत मूर्त झाली. त्या वर्षीं येथें 'पुणें मराठी ग्रंथालय' स्थापन झालें. नारायणराव पेशव्यांच्या नांवाची ही पेठ तोंवर छापील शब्दाची पेठ झाली होती. टिळकांनीं १९०५ सालीं येथील गायकवाड वाडा घेतला होता आणि 'केसरी'चें बिऱ्हाड तेथें नांदत होतें. शेजारच्या सदाशिव पेठेंत आज दिसणारें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचें. राजवाडे आणि मेहेंदळे यांनीं जुन्या दफ्तरांची काळजी वाहण्यासाठीं तें काढलें. पण कालच छापलेल्या पुस्तकाची काळजी कोणी वाहावी? नवें पुस्तक दुकानांत ढिगानें असतें, म्हणून तें जपावें असें कोणास वाटत नाहीं. आणि वाटूं लागतें, तेव्हां तें उरलेलें नसतें.

येथेंच ग्रंथालयाची खरी अडचण आहे. जें पुस्तक लोकांस आवडतें तेंच लवकर झिजतें, आणि ज्यास कोणी हात लावीत नाहीं तें शंभर वर्षें सुखरूप राहतें. दिवाळी अंकांचेंच पाहा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हांपासून कित्येक कथा-कविता प्रथम अशा अंकांतूनच छापल्या गेल्या. तरी हिंवाळाभर घरोघर फिरून अंकाची शिवण उसवते आणि शिमग्याच्या सुमारास तो रद्दींत जातो. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि दोन खंडांत सिद्ध केली. परंतु सूचींत नांव राहिलें म्हणून पुस्तक राहतेंच असें नव्हे. त्यांतच दैवाचे घाले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी याच नारायण पेठेंत शिरलें. पाण्यास दुर्मिळ आणि सुलभ हा भेद कळत नाहीं.

कायद्यानें थोडा हात दिला आहे. १९५४ च्या अधिनियमान्वयें प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत देशांतील चार ग्रंथालयांस पाठवावी लागते. त्यांत मुंबईचें एक आहे, पुण्याचें नाहीं. १९६७ च्या अधिनियमानें महाराष्ट्रांतील सार्वजनिक ग्रंथालयांस अनुदानाचा आधार मिळाला. पण ग्रंथालयें चालवावयाचीं तीं लोकांनींच, ही आपली जुनी रीत कायम राहिली, आणि ती भूषणावहच आहे.

मग उपाय काय? उपाय साधा आहे, मात्र खर्चाचा आहे. निवडक पुस्तकांच्या आणि अंकांच्या दोन प्रती असाव्यात : एक घरोघर फिरणारी, एक कपाटांत राहणारी. दुसऱ्या प्रतीचा खर्च वर्गणीच्या हिशेबांत बसत नाहीं. तो आपणच उचलावयाचा असतो. यंदाच्या हिंवाळ्यांत घरचे दिवाळी अंक रद्दींत घालण्यापूर्वीं पेठेंतील ग्रंथालयांत एकदां विचारून पाहावें. तेथील दुसऱ्या प्रतीची जागा कदाचित् रिकामी असेल.