समुद्रावर वाहणाऱ्या वस्तूंचा माग

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गांवापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. तरीही या मुलखाचें पाणी धाम व वर्धा या नद्यांवाटे प्राणहितेस, तेथून गोदावरीस व अखेर बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतें. धामेंत पडलेली बाटली कोणीकडे जाईल हें येथील शाळकरी मूलही सांगेल. कारण नदीची वाट ठरलेली असते. समुद्रावर तशी ठरलेली वाट नाहीं. म्हणून तेथें तरंगणाऱ्या वस्तूचा माग काढणें हें एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसलें आहे.

या शास्त्रास सामग्री पुष्कळदां अपघातांनीं पुरविली. १० जानेवारी १९९२ रोजीं हाँगकाँगहून अमेरिकेस निघालेल्या जहाजावरील कांहीं कंटेनर वादळांत प्रशांत महासागरांत पडले. त्यांपैकीं एकांत प्लॅस्टिकचीं सुमारें २८,८०० खेळणीं होतीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तीं अलास्काच्या किनाऱ्यास लागूं लागलीं. कर्टिस एबेसमेयर व जेम्स इंग्रॅहॅम या संशोधकांनीं खेळणें कोठें व केव्हां सांपडलें याचीं टिपणें जमविलीं आणि वारा व प्रवाह यांच्या गणिताशीं तीं ताडून पाहिलीं. किनाऱ्यावर फिरावयास गेलेल्या सामान्य माणसांनीं तीं कळविलीं नसतीं, तर हा पडताळा घेतांच आला नसता.

अरबी समुद्राचें गणित तर ऋतूप्रमाणें पालटतें. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत दक्षिणेकडे, तर हिवाळ्यांत उत्तरेकडे वाहतो. शिवाय पाण्यावर उंच तरंगणारी वस्तु वाऱ्याच्या स्वाधीन असते, बहुतांशीं बुडालेली वस्तु प्रवाहाच्या. त्यामुळें एकाच वेळीं पडलेल्या दोन वस्तूंची लवकरच फारकत होते.

याचा प्रत्यय ७ ऑगस्ट २०१० रोजीं आला. ऐन पावसाळ्यांत मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’वर १,२१९ कंटेनर होते, त्यांतील दोनशेंहून अधिक समुद्रांत गेले. कांहीं बुडाले, कांहीं अर्धवट तरंगत राहिले. त्यांवर एखादें जहाज आदळेल या भीतीनें मुंबई व न्हावा-शेवा हीं दोन्ही बंदरें कांहीं दिवस बंद ठेवावीं लागलीं. जहाजांतील तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोंचला आणि कोळ्यांचा धंदा बसला. हरवलेला कंटेनर कोठें असेल, या प्रश्नावर तेव्हां हजारोंची रोजी अवलंबून होती.

श्रोतेहो, याच गणितावर आज माणसाचा जीवही अवलंबून असतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रानें २०१६ सालीं समुद्रांत हरवलेल्या माणसांच्या व नौकांच्या शोधासाठीं एक गणकयंत्रीय साधन सिद्ध केलें. होडी कोणत्या प्रकारची, शेवटीं कोठें दिसली व केव्हां, एवढें सांगितलें असतां ती वाहत कोणत्या टापूंत गेली असावी, हें तें साधन दाखवितें. खेळण्यांच्या बाबतींत विचारलेले प्रश्नही हेच होते: काय, कोठें आणि केव्हां. त्यांचीं उत्तरें नेमकीं मिळालीं, तर शोध घेणाऱ्या नौकांनीं कोणती दिशा धरावी हें ठरतें.