अग्निशमन दल

अग्निशमन दल : आग विझविणे, आगीत वा अन्य आपत्तीत सापडलेल्यांची सुटका करणे आणि मालमत्तेचे रक्षण करणे यांसाठी शिक्षण देऊन सदैव सज्ज ठेवलेले पथक. बंब, शिडी, नळी व पाणी ही या दलाची दृश्य साधने होत. तथापि त्यांची उपयुक्तता तीन गोष्टींवर अवलंबून असते : जवानांचे प्रशिक्षण, घटनास्थळ व नियंत्रण कक्ष यांमधील संदेशवहन आणि शेजारच्या दलांकडून मिळणारे साहाय्य. बंबांची शक्ती ज्या वेगाने वाढत गेली, त्या वेगाने या तीन अंगांचा विकास झाला नाही. त्यांतील बहुतेक सुधारणा मोठ्या दुर्घटनांनंतर व पुष्कळदा जवानांच्या प्राणांचे मोल देऊन झाल्या. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या तीन अंगांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

प्रारंभ : संघटित अग्निशमनाचे प्रसिद्ध प्राचीन उदाहरण रोममध्ये आढळते. सम्राट ऑगस्टस याने इ. स. ६ मध्ये ‘व्हिजिलीस’ हे पहारेकऱ्यांचे दल उभारले. शहराचे चौदा विभाग होते व दलाच्या सात तुकड्यांपैकी प्रत्येकीकडे दोन विभाग सोपविलेले असत. रात्रीची गस्त आणि आग विझविणे ही दोन्ही कामे हे दल करी. लंडनमधील १६६६ च्या प्रचंड आगीनंतर तेथे अग्निविमा कंपन्या निघाल्या व भरपाईचा बोजा कमी व्हावा म्हणून त्यांनी स्वतःचे बंबवाले नेमले. विमा उतरविलेल्या घरावर कंपनीची धातूची खूणपट्टी लावलेली असे. अमेरिकेत शेजाऱ्यांनी एकमेकांच्या रक्षणासाठी उभारलेली स्वयंसेवी पथके रुजली. बेंजामिन फ्रँक्लिन याच्या पुढाकाराने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झालेले पथक त्यांपैकीच होय. विमा कंपनीचा नोकर व स्वयंसेवक शेजारी या दोन्ही व्यवस्थांत धैर्य होते. परंतु सर्व नागरिकांविषयीची जबाबदारी एकाच संस्थेवर नव्हती.

प्रशिक्षण : आधुनिक प्रशिक्षणाचा पाया जेम्स ब्रेडवुड (१८००–६१) याने घातला. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात १८२४ मध्ये नगराचे स्वतंत्र दल स्थापन झाले व त्याचे प्रमुखपद त्याच्याकडे आले. गवंडी, सुतार, कौलारू काम करणारे, नळकाम करणारे अशा कारागिरांची त्याने निवड केली. कारण इमारतीची बांधणी ज्याला कळते, त्याला ती केव्हा कोसळेल हेही कळते. काळोखाची सवय व्हावी म्हणून तो पहाटेच कवायत घेई. रस्त्यात उभे राहून धुरावर पाणी मारण्याऐवजी आत शिरून आगीच्या मुळावरच मारा करावा, हे त्याचे सूत्र होते. १८३३ मध्ये लंडनच्या विमा कंपन्यांनी आपली पथके एकत्र केली, तेव्हा त्याला प्रमुख म्हणून बोलाविण्यात आले. टूली स्ट्रीट येथील १८६१ च्या आगीत अंगावर भिंत कोसळून तो मरण पावला. त्या आगीने झालेले नुकसान विमा कंपन्यांना झेपले नाही व १८६६ पासून लंडनचे दल सार्वजनिक अधिकाराखाली आले. त्याचा प्रमुख एअर मॅसी शॉ याने खलाशांची भरती केली. उंचीवर चढणे, हुकूम पाळणे व रात्रंदिवस पाळीने जागणे यांची सवय खलाशांना आधीच असे.

जवानांना धुरात काम करता यावे म्हणून पुढे श्वसनसाधने आली व त्यांबरोबर एक नवा धोकाही आला. साधनामुळे जवान अधिक खोल जाऊ शके, परंतु त्यातील प्राणवायू ठराविक वेळच पुरे. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजारातील तळघरात २३ जानेवारी १९५८ रोजी लागलेल्या आगीत दोन अग्निशामक धुराने भरलेल्या वाटांत चुकले व प्राणवायू संपून मरण पावले. आत कोण गेले, केव्हा गेले आणि त्याचा साठा किती वेळ टिकेल, याची नोंद ठेवण्याची काटेकोर पद्धत या घटनेनंतर ब्रिटनमध्ये दृढ झाली. आत जाणाऱ्याने आपल्या नावाची पट्टी दाराशी असलेल्या नोंद-फलकावर ठेवायची आणि बाहेरील माणसाने घड्याळावर नजर ठेवायची, असा हा साधा नियम आहे. साठा कमी होताच वाजणारी शिटी व संकटात सापडल्याची सूचना देणारे साधन यांचाही प्रसार झाला.

संदेशवहन : आगीचा सुगावा लागणे आणि बंब निघणे यांत जाणारा वेळ हा अग्निशमनातील सर्वांत महाग वेळ होय. मनोऱ्यावरील टेहळ्या, चर्चची घंटा व धावत जाणारा निरोप्या ही जुनी साधने होती. १८५२ मध्ये बॉस्टन येथे विल्यम चॅनिंग व मोझेस फार्मर यांनी विकसित केलेली विजेच्या तारेवरील इशारा-पद्धत सुरू झाली. रस्त्यावरील पेटीची मूठ फिरविली की त्या पेटीचा क्रमांक केंद्रात उमटे. त्यामुळे आगीचे ठिकाण कळे. परंतु काय जळत आहे, हे कळत नसे. दूरध्वनीने ही उणीव भरून काढली व बिनतारी यंत्रामुळे रस्त्यावरील बंबाशीही बोलता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात हाती धरून बोलण्याची यंत्रे विकसित झाली आणि पुढे ती इमारतीच्या आत शिरणाऱ्या जवानापर्यंत पोहोचली.

बिनतारी यंत्राने अंतर मिटविले, परंतु शिस्तीची गरज वाढविली. एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते. म्हणून प्रथम कोणाला हाक घालत आहोत ते सांगणे, नंतर स्वतःची ओळख देणे, संदेश थोडक्यात सांगणे व ऐकणाऱ्याने तो परत उच्चारणे, असा क्रम शिकवावा लागतो. जाड काँक्रीट, तळघरे व उंच इमारतींचे पोलादी सांगाडे यांमुळे ध्वनी क्षीण होतो, हीही कायमची अडचण आहे. न्यूयॉर्क येथे ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राच्या जुळ्या मनोऱ्यांवर झालेल्या हल्ल्यात त्या शहराच्या अग्निशमन विभागाचे ३४३ सदस्य मृत्युमुखी पडले. उत्तर मनोऱ्यातील अनेक जवानांना बाहेर पडण्याचा आदेश ऐकूच गेला नाही. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसणारी मनोऱ्याची स्थिती अग्निशमन अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली नाही. कारण दोन्ही दलांच्या वाहिन्या वेगळ्या होत्या व त्यांचे नेतृत्व एकत्र बसलेले नव्हते.

परस्पर साहाय्य : कोणतेही शहर आपल्या सर्वांत मोठ्या आगीला पुरेल एवढे दल कायम पोसू शकत नाही. म्हणून शेजारच्या गावांनी संकटकाळी बंब व माणसे पाठविण्याचा करार आधीच करून ठेवणे, यास परस्पर साहाय्य म्हणतात. सदिच्छा असूनही पूर्वतयारी नसेल, तर काय घडते याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बॉल्टिमोर शहराची आग (७–८ फेब्रुवारी १९०४). वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथून मदत आली. परंतु बाहेरच्या अनेक नळ्यांचे आटे बॉल्टिमोरच्या जलस्तंभांना बसेनात. आलेल्या जवानांपैकी कित्येकांना जळत्या शहरासमोर हताश होऊन उभे राहावे लागले. सु. १,५०० इमारती जळाल्या. त्या काळी अमेरिकेत नळी-जोडणीचे सहाशेहून अधिक प्रकार प्रचलित असल्याचे आढळून आले. १९०५ मध्ये राष्ट्रीय मानक ठरविण्यात आले; तथापि शंभर वर्षांनंतरही तेथील सर्व मोठ्या शहरांनी ते स्वीकारलेले नव्हते.

ब्रिटनला हाच धडा बाँबवर्षावाने दिला. युद्धापूर्वी तेथे १,६०० हून अधिक स्थानिक दले होती व त्यांची साधने, हुद्दे आणि आज्ञा एकसारख्या नव्हत्या. ऑगस्ट १९४१ मध्ये ती एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा निर्माण करण्यात आली. १९४८ मध्ये ती पुन्हा स्थानिक संस्थांकडे सोपविली गेली. कॅलिफोर्नियात १९७० च्या वणव्यांत अनेक संस्थांची पथके एकत्र आली, परंतु त्यांची परिभाषा व आज्ञासाखळी जुळेना. त्यातून सामाईक हुद्दे, सामाईक शब्द व एकच घटनाप्रमुख यांवर आधारलेली आज्ञापद्धती विकसित झाली. बॉल्टिमोरमध्ये आटे जुळले नव्हते. येथे शब्द जुळत नव्हते, एवढाच फरक होता.

मुंबई गोदीतील स्फोट : मुंबईत प्रारंभी अग्निशमनाचे काम पोलिसांकडे होते. मुंबईचे दल आपली स्थापना १८८७ ची मानते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने अग्निशमन दल ठेवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. दलाचे प्रमुख पुढे दीर्घकाळ लंडनच्या दलातून येत. १९४८ मध्ये एम. जी. प्रधान हे पहिले भारतीय प्रमुख झाले.

वर सांगितलेल्या तिन्ही अंगांची कसोटी या दलाला १४ एप्रिल १९४४ रोजी द्यावी लागली. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज उभे होते. त्यात सु. १,४०० टन स्फोटके आणि त्याबरोबर कापसाच्या गासड्या, तेल, लाकूड व सोन्याच्या विटा होत्या. दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या खणातून धूर दिसू लागला. स्फोटकांची सूचना देणारे लाल निशाण जहाजावर नव्हते. प्रथम पोहोचलेला इशारा सामान्य आगीचा होता. म्हणून प्रथम दोनच बंब निघाले. जहाजावर काय भरले आहे हे उमगल्यावर अधिक बंब आले व ९०० टनांहून अधिक पाणी खणात सोडण्यात आले. परंतु आगीचे मूळ सापडेना. जहाज तेथेच बुडवावे, गोदीबाहेर न्यावे, की पाणी मारीत राहावे, याविषयी गोदीचे, लष्कराचे, जहाजाचे व अग्निशमन दलाचे अधिकारी आपापली मते देत होते. अंतिम निर्णय कोणा एकाच्या हाती नव्हता. जहाज सोडण्याचा हुकूम ३ वाजून ५० मिनिटांनी झाला. त्यानंतर सु. सोळा मिनिटांनी पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आतच दुसरा झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्यांची नोंद झाली. या घटनेत ६६ अग्निशामकांना वीरमरण आले. एकूण मृतांचे अंदाज ८०० ते १,३०० असे भिन्न आहेत.

या जवानांच्या शौर्याविषयी दुमत नाही. तथापि शौर्य अपुरे पडले म्हणून ते गेले नाहीत. योग्य माहिती योग्य वेळी व एकाच अधिकाऱ्याकडे पोहोचली नाही, म्हणून गेले. १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो व त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह साजरा होतो.

स्वातंत्र्योत्तर भारत : अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने १९५६ मध्ये रामपूर (उत्तर प्रदेश) येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन केले, १९५७ मध्ये ते नागपूरला हलविण्यात आले. देशातील निरनिराळ्या राज्यांतून आलेले अधिकारी तेथे एकच कवायत व एकच परिभाषा शिकतात, हे त्याचे मोठे कार्य होय. नळी-जोडणीबाबत भारतीय मानकाने ६३ मिमी. ची, आटे न फिरविता दाबून बसविण्याची जोडणी रूढ केली. त्यामुळे एका गावाची नळी दुसऱ्या गावाच्या बंबाला लावता येते.

प्रशासनात मात्र एकसारखेपणा नाही. काही राज्यांत अग्निशमन हे राज्य शासनाचे खाते आहे, तर महाराष्ट्रात ते मुख्यतः महानगरपालिका व नगरपालिका यांच्याकडे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवेचा समावेश बाराव्या अनुसूचीत केला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. औद्योगिक वसाहतींत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्वतःची केंद्रे आहेत. तेलशुद्धीकरण कारखान्यांची दलेही स्वतंत्र आहेत. मुंबईतील चेंबूर-माहुल परिसरात व ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांनी परस्पर साहाय्य गट स्थापन केले आहेत. फेस निर्माण करणारे द्रव्य, संरक्षक पोशाख व तज्ज्ञ माणसे एकमेकांना पुरविणे आणि एकत्रित तालीम करणे हा या गटांचा उद्देश असतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एकच घटनाप्रमुख हे तिचे मुख्य तत्त्व होय.

दैनंदिन कामकाज : दलाचा बहुतेक वेळ आगीत नव्हे, तर आगीच्या तयारीत जातो. पाळी बदलताना हजेरी होते. बंबातील पाणी व इंधन, शिडीची हालचाल, श्वसनसाधनातील दाब आणि बिनतारी यंत्राची विद्युत् घटमाला तपासली जाते. वापरलेल्या नळ्या धुऊन वाळविल्या जातात. आपल्या हद्दीतील गल्ल्या, पाण्याचे साठे, तळघरे व लाकडी जिन्यांच्या जुन्या चाळी यांची माहिती ठेवणे हाही प्रशिक्षणाचाच भाग होय. मुंबईत आगीची तीव्रता श्रेणींनी सांगतात. घटनास्थळावरील अधिकाऱ्याने श्रेणी वाढविली, की तदनुसार अधिक बंब व पाण्याचे टँकर पाठविले जातात. मोडक्या इमारती, झाडांवर अडकलेले पक्षी व पुरात सापडलेली माणसे यांसाठीही याच दलाला हाक येते.

एवढी तयारी असूनही धोका टळत नाही. मुंबईच्या काळबादेवी भागातील एका जुन्या इमारतीस ९ मे २०१५ रोजी आग लागली, तेव्हा इमारत कोसळून दलाच्या प्रमुखासह चार अधिकारी या घटनेत बळी पडले. इमारतीची बांधणी जाणणारी माणसेच दलात घ्यावीत, हा ब्रेडवुडचा आग्रह आणि भिंत कोसळून झालेला त्याचा मृत्यू यांची आठवण ही घटना करून देते. अग्निशमनाची साधने बदलली आहेत; परंतु आत शिरलेल्या माणसाची गणती ठेवणे, त्याच्यापर्यंत शब्द पोहोचविणे आणि शेजाऱ्याची मदत वेळेवर व उपयोगी पडेल अशी आणणे, ही दलाची कर्तव्ये तीच राहिली आहेत.