नाईलच्या बेटावरची खरेदीखतं



गेल्या वेळी लिहिलं होतं की इजिप्तबद्दल सवडीने सांगेन. पिरॅमिडचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच आहेत, त्यामुळे ते राहू देत. मला सांगायचंय ते आस्वानबद्दल, आणि तेही त्या गावासमोरच्या एका छोट्या बेटाबद्दल.

आस्वान हे इजिप्तच्या दक्षिण टोकाचं जुनं गाव. इथे नाईल नदी काळ्याभोर ग्रॅनाइटच्या खडकांतून वाट काढत येते. खडकांमुळे पाणी फेसाळतं, होड्या अडतात, म्हणून पूर्वी इजिप्तची हद्द इथेच संपायची आणि पलीकडे नूबिया सुरू व्हायचा. नदीच्या मधोमध एलेफंटाइन नावाचं बेट आहे, लांबीला जेमतेम सव्वा किलोमीटर. नावात हत्ती आहे. कोणी म्हणतं इथे हस्तिदंताचा व्यापार चालायचा म्हणून, कोणी म्हणतं काठचे गोल गुळगुळीत खडक पाण्यात बसलेल्या हत्तींसारखे दिसतात म्हणून. मला तरी खडक हत्तींसारखेच दिसले.

बेटावर जायला साधी तर असते. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. माझ्या शेजारी एक नूबियन आजी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला खजूर दिला. माझ्या पिशवीत सोलापूरची कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी होती. मी भाकरीचा तुकडा दिला, त्यांनी तो वास घेऊन खाल्ला आणि मान डोलावली. भाषेची अडचण आली नाही. (प्रवासात जेवणाचं काय केलं हे पुष्कळ जणींनी विचारलंय. सोबतची भाकरी, तिथली साधी रोटी, खजूर, उकडलेले वाल आणि जास्वंदीसारख्या लाल फुलांचं करकदे सरबत, एवढ्यावर छान भागलं. सूर्यास्ताआधी आटोपायचं म्हटल्यावर बरोबरचे लोक थोडे वैतागले, पण मग त्यांनाही सवय झाली.)

नदीच्या पश्चिम काठावर टेकडीवर एक वास्तू दिसते. ती तिसऱ्या आगाखानांची समाधी. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे हेच. तिथेच १९४४ साली कस्तुरबा गेल्या. एवढ्या लांब येऊन पुण्याची आठवण निघाली.

बेटाच्या दक्षिण टोकाला जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. तिथे काठावर दगडी जिना आहे, नव्वद पायऱ्यांचा, थेट नदीत उतरणारा. बाजूच्या भिंतीवर खुणा कोरल्या आहेत. पूर किती चढला ते या खुणांवरून मोजायचे. ही नदीची मोजपट्टी. पूर बेताचा आला की शेतात गाळ बसणार, पीक चांगलं येणार, आणि सरकार सारा त्या हिशोबाने वसूल करणार. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक प्रवाशाने दोन हजार वर्षांपूर्वी या मोजपट्टीबद्दल लिहून ठेवलंय की पाणी जास्त चढलं म्हणजे उत्पन्नही जास्त. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. देवळाच्या खांबांपेक्षा ही पायऱ्यांची खतावणीच मी जास्त वेळ बघत बसले. आता खुणांना काम नाही. १९७० साली मोठं धरण पुरं झालं आणि पूर येणं थांबलं. त्या धरणात नूबियन लोकांची गावंच्या गावं बुडाली. उजनीच्या पाण्यात ज्यांची माहेरं गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे.

या बेटावर इसवीसनपूर्व पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वसाहत होती. तेव्हा इजिप्तवर इराणच्या बादशहांचं राज्य होतं आणि हे लोक हद्दीच्या पहाऱ्यावर पगारी नोकर होते. त्यांची कागदपत्रं पपायरसवर लिहिलेली, गुंडाळून, दोऱ्याने बांधून, मातीची मोहोर लावलेली अशी सापडली. १८९३ साली चार्ल्स विल्बर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने त्यातली काही आस्वानमध्ये स्थानिक बायकांकडून विकत घेतली. तो तीन वर्षांनी वारला आणि गुंडाळ्या पन्नास वर्षं ट्रंकेत पडून राहिल्या. पुढे मुलीच्या मृत्युपत्रानुसार ट्रंक ब्रुकलिनच्या संग्रहालयात गेली. आपल्याकडच्या माळ्यावरच्या ट्रंकांचं काय होतं ते आठवलं की या गुंडाळ्या वाचल्या याचंच आश्चर्य वाटतं. बेटावर ती बघायला मिळत नाहीत. मी घरी आल्यावर सुनेने इंटरनेटवर शोधून दिलेली भाषांतरं महिनाभर वाचली.

त्यात राजेरजवाडे नाहीत. लग्नाचे करार, घराची खरेदीखतं, बक्षीसपत्रं, उधारीचे कागद आहेत.

त्यातली एक बाई तामुत. इजिप्शियन नावाची, एका ज्यू माणसाच्या घरची दासी. इसवीसनपूर्व ४४९ मध्ये तिचं लग्न अनन्या नावाच्या माणसाशी झालं. अनन्या म्हणजे आपल्याकडचं मुलीचं नाव नव्हे हं, तो देवळातला सेवेकरी होता. आपल्या हिशोबाने हे भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर सुमारे ७८ वर्षांनी. तामुतने लग्नात काय आणलं त्याची यादी करारात आहे: एक लोकरीचं वस्त्र, एक आरसा, चपलांचा जोड, थोडं सुगंधी तेल, थोडं एरंडेल. सगळ्याची किंमत मिळून जेमतेम सात शेकेल चांदी. म्हणजे रुखवत अगदीच गरिबीचं. पण पुढची कलमं वाचून मी थबकले. नवऱ्याने सोडायचं म्हटलं तर त्याने दंड भरायचा. तिने सोडायचं म्हटलं तर तिने भरायचा, रक्कम तीच, आणि जे आणलं ते सगळं घेऊन जायचं. दासी असलेल्या बाईला हा हक्क, आणि तोही लेखी.

बारा वर्षांनी, ४३७ मध्ये, अनन्याने चौदा शेकेलना एक पडकं घर घेतलं. तीन वर्षांनी त्यातला हिस्सा बायकोच्या नावे लिहून दिला. पुढे तामुतच्या मालकाने तिला आणि तिच्या मुलीला मुक्त केल्याचा कागद केला, अट मात्र ही की तो जिवंत असेपर्यंत दोघींनी त्याची सेवा करायची. मुलीचं लग्न ४२० मध्ये झालं तेव्हा तिच्या यादीची बेरीज सत्तर शेकेलच्या वर. आईची सात, मुलीची सत्तर. या दोन आकड्यांमध्ये एक संसार आहे.

खरेदीखतांत चतुःसीमा दिल्या आहेत, अगदी आपल्यासारख्या. या बाजूला अमक्याचं घर, त्या बाजूला रस्ता आणि रस्त्यापलीकडे देऊळ. एका बाजूला ‘अवघड पाण्याचा नावाडी’ राहतो. त्या खडकांतून होडी काढणारा! हजारो वर्षांनी त्याचा पत्ता कळतो तो केवळ शेजाऱ्याने घर विकलं म्हणून.

याच कागदांत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याला विशेष जवळची. त्या ज्यू लोकांचं याहो देवाचं देऊळ होतं आणि तिथे पशुबळी दिले जात. शेजारीच ख्नूम देवाचं देऊळ. ख्नूम म्हणजे मेंढ्याचं तोंड असलेला देव, कुंभाराच्या चाकावर माणसं घडवणारा. त्याचे मेंढे पवित्र मानून मेल्यावर त्यांच्या ममी करत. इसवीसनपूर्व ४१० मध्ये ख्नूमच्या पुजाऱ्यांनी तिथल्या इराणी अधिकाऱ्याला हाताशी धरून ज्यूंचं देऊळ पाडवलं. भांडण बळीवरूनच पेटलं असावं असं काही अभ्यासकांना वाटतं, काही जण राजकारणाकडे बोट दाखवतात. ज्यू लोकांनी उपास केले, तेल लावणं सोडलं आणि ४०७ मध्ये जेरुसलेमच्या सुभेदाराला अर्ज पाठवला. देऊळ पुन्हा बांधायला परवानगी मिळाली, पण उत्तरात फक्त धान्याचा नैवेद्य आणि धूप एवढ्याचाच उल्लेख होता. त्यांच्या पुढाऱ्यांनीही लिहून दिलं की मेंढा, बैल, बकरा बळी देणार नाही.

हे वाचून मला आधी फार आनंद झाला. मग वाटलं, थांब. यात दया कुठे आहे? शेजाऱ्यांशी तडजोड आहे, वरिष्ठांची मर्जी आहे. एका बाजूला मेंढा देव, दुसऱ्या बाजूला मेंढा बळी, मेंढ्याला कोणी विचारलं नाही. यांना मी हे सांगितलं तर हे म्हणाले, ‘‘पण मेंढे वाचले ना?’’ हेही खरंच. आमचा वाद दोन दिवस चालला.

आणि एक गंमत. हे सगळे कागद अरमाईक भाषेत आहेत, इराणी साम्राज्याच्या कचेरीच्या भाषेत. पुढे दीडशे वर्षांनी सम्राट अशोकाने कंदाहारला खडकावर लेख कोरला तो ग्रीक आणि याच अरमाईक भाषेत. त्यात राजाने प्राणिहत्या सोडल्याचं, शिकारी आणि कोळ्यांनीही सोडल्याचं लिहिलंय. तिथे मात्र तडजोड नव्हती.

मी परत येते त्या तामुतकडे. तिच्या हिश्श्याचा कागद वाचताना मला सारखं माझं हक्कसोडपत्र आठवत होतं. वडील गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आत मी त्यावर सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. सगळ्याच बहिणी करत होत्या, कायदा आपल्या बाजूने आहे हे बी.कॉम. झालेल्या मला पक्कं ठाऊक होतं, तरी केली. माहेरी साडी मिळाली, जेवण झालं, दुपारच्या एस.टी.ने परत आले. भावाशी आजही प्रेमच आहे. घर विकून त्याने फ्लॅट घेतला. तो कागद काय होता हे मी सहीआधी पूर्ण वाचलाही नव्हता. मी, जी तामुतचा करार तीनदा वाचते.

मागच्या आठवड्यात लॉकरमधून आमच्या घराचं खरेदीखत आणलं. बावीस पानं, जांभळे शिक्के. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस अमुक प्लॉट नंबर, दक्षिणेस सोसायटीची मोकळी जागा. लिहून घेणार म्हणून फक्त यांचं नाव. माझं नाव शोधत गेले तर शेवटच्या पानावर सापडलं, साक्षीदार क्रमांक दोन.

यांना दाखवलं. ‘‘अगं, तेव्हा तसंच करायचे,’’ हे म्हणाले. मग चष्मा लावून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी काही बोलले नाही. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा होता.