कौळाण्याहून यूएसबीपर्यंत

मालेगावजवळच्या कौळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर बसला. याच सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. पुढे ते तिथल्या विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा झालं. त्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये गेले, आणि १९९६ मध्ये यूएसबी आली.

पण खाच एक झाली म्हणून यंत्रं बोलू लागत नाहीत. दुभाष्या लागतो, म्हणजे ड्रायव्हर. (दोन भाषांचा मास्तर असल्याने मला त्याची कदर!) लिनक्समध्ये हे दुभाषे कर्नेलच्याच घरात राहतात. आतली रचना बदलणाऱ्यानेच सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, हा तिथला रिवाज. म्हणून कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी जुने वेबकॅम तिथे अजून चालतात. भट्टांचं नाव निदान ठाऊक आहे. वर्षानुवर्षं यूएसबीचा हा संसार सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन आपल्याकडे कुणाला माहीत?